टॉवेलखालचं मशीन

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या काकांची गिरण आहे. दळण आणि भात भरडाई, दोन्ही. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी टेबल आणि त्यावर जेवणाच्या डब्याएवढं एक बिलिंग मशीन. मशीनवर टॉवेल टाकलेला असतो. पीठ बसू नये म्हणून, असं काका सांगतात. खरं म्हणजे टॉवेल पहिल्या महिन्यातच पडला आणि पुढे कधी उचललाच गेला नाही.

ते मशीन घ्यायला लावणारी मी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, 'डिजिटल इंडिया'वर प्रेझेंटेशन देऊन सुट्टीत गावी आले होते. काकांना म्हटलं, "वहीत लिहून कुठे धंदा वाढतो का? जरा अपग्रेड व्हा." काकांनी पुतणीचा शब्द मोडला नाही. आठ हजार गेले. आता या पानासाठी इंटर्नशिप करताना 'छोटे धंदे आणि नवं तंत्रज्ञान' हा विषय मिळाला, तेव्हा सगळ्यात आधी तो टॉवेल डोळ्यांसमोर आला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी हा उद्योग केलेला असणार. दुकान बाबांचं, सल्ला आपला. इन्स्टावर पेज काढा, अ‍ॅप घ्या, सीसीटीव्ही लावा, ऑनलाइन विका. नाही ऐकलं की 'आपल्या लोकांना बदलच नको' असं म्हणून आपण परत मोबाइलमध्ये. मीही हेच म्हणायचे. गेल्या दोन महिन्यांत महाड-पोलादपूरच्या दुकानांतून फिरल्यावर आता तसं म्हणवत नाही. नव्या यंत्राने धंदा सुधारतो हे खरं, पण ते यंत्र घेतल्यावर धंदा करायची पद्धतही बदलली तर. नाहीतर यंत्रावर टॉवेल पडतो आणि हप्ता चालू राहतो. आमच्याकडे त्यात आणखी एक भागीदार असतो, तो म्हणजे नदी.

आधी नदीचंच सांगते.

माझ्या मामाचं महाडच्या बाजारपेठेत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, लेटरहेड, शाळांचे फॉर्म, ग्रामपंचायतींचे छापील कागद, असलं काम. महाडचा व्यापारी पुराला नवखा नाही. सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली, की बाणकोटच्या खाडीकडून पाणी मागे दाबतं आणि शहरात शिरतं. हे लहान पोरांनाही ठाऊक. पाणी येणार म्हटलं की माल माळ्यावर. २००५चा पूर मामाने पाहिला होता. भिंतीवरच्या त्या खुणेच्या वर मोजून त्याने माळा बांधला होता.

२२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीचा उगम तिथलाच. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि अख्खी वाडी गेली. त्यापुढे दुकानाचं काय बोलायचं, असं मामा आजही म्हणतो आणि गप्प होतो. पण बोलायला तर हवं, कारण त्या बाजारपेठेवर हजारो घरं चालतात. मामाच्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत गेलं. दोन झेरॉक्स मशीन, कॉम्प्युटर, लॅमिनेशन, कटिंग मशीन, सगळं चिखलात.

तेव्हा मामा जे म्हणाला ते माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. "आधीचं छोटं मशीन मी एकट्याने उचलून वर ठेवायचो. हे मोठं घेतलं, कामं दुप्पट झाली. पण ते उचलायला चार माणसं लागतात. पुराच्या रात्री चार माणसं आणू कुठून?"

म्हणजे यंत्र जितकं चांगलं, तितकं ते जड आणि महाग, आणि तितकं ते वाचवणं कठीण. पुण्या-मुंबईत बसून जो 'अपग्रेड करा' म्हणतो, त्याच्या हिशोबात ही ओळ नसते. महाडच्या दुकानदाराच्या डोक्यात ती पहिली असते. तो नवीन मशीन घ्यायला कचरतो, याला आपण मागासपणा म्हणतो. मला तो आता साधा हिशोब वाटतो.

पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना मदत जाहीर केली. नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार रुपये. टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत. ५० हजारांत चांगलं झेरॉक्स मशीन येत नाही. मामाने उरलेले पैसे सोसायटीतून आणि मावशीकडून उचलले आणि सेकंडहँड मशीन आणलं. अशा अनेक दुकानांत एका झटक्यात सगळी यंत्रं बदलली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला ते आधुनिकीकरण वाटलं असेल. मामाच्या दृष्टीने ते फक्त पुन्हा उभं राहणं होतं.

पण मामाचं सगळ्यात मोठं नुकसान मशीनचं नव्हतं, वहीचं होतं. उधारीची वही लगदा झाली. पहिल्या पंधरा दिवसांत काही गिऱ्हाइकं स्वतःहून आली, 'आमचे साडेसातशे होते' म्हणून पैसे देऊन गेली. ज्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता अशीही माणसं त्यात होती. मोठी उधारी मात्र कार्यालयांची आणि संस्थांची. त्यांना बिलाची प्रत हवी. ती वाहून गेलेली. एका ठिकाणी मामाने सहा हेलपाटे घातले आणि सोडून दिलं. विम्याचंही तसंच. कंपनी मालाचा हिशोब मागते, खरेदीची बिलं मागते. ज्याच्याकडे कागद होता त्याचं भांडण निदान उभं राहिलं.

आज मामा रोज रात्री शटर ओढण्याआधी दिवसाची वही उघडतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि सुरतला असलेल्या मुलाला पाठवतो. मुलगा ते एका फोल्डरमध्ये टाकतो. एवढंच. वही तीच, पेन तेच, सॉफ्टवेअर नाही, खर्च शून्य. मी ज्याला 'इनोव्हेशन' म्हणून प्रेझेंटेशनमध्ये घातलं नसतं, ते महाडच्या त्या गल्लीत मी पाहिलेलं सगळ्यात कामाचं इनोव्हेशन आहे. दुसरं म्हणजे त्याने कॉम्प्युटरचं टेबल आता चाकांचं केलंय आणि मशीन उचलायला कप्पी बसवलीय. मागच्या पावसाळ्यात दोनदा इशारा आला, दोन्ही वेळा मशीन वर गेलं. पाणी आलं नाही. "फुकट मेहनत," मामी म्हणाली. मामा हसला नाही.

आता काकांच्या गिरणीकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

गिरणीत दोन यंत्रं. एक दळणाचं, दगडी जात्याचं, ज्याला टाकी लावायला माणूस येतो. दुसरं भाताचं जुनं हलर. या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच निघतो आणि तांदूळ बराच तुटतो. कणी जास्त. नव्या पद्धतीच्या यंत्रात दोन रबरी रूळ भाताचं तूस हलकेच सोलतात, अख्खा तांदूळ जास्त मिळतो, कोंडा वेगळा निघतो. पोलादपूरच्या डोंगरउतारावरचं भात मुळात कमी. त्यात दहा पायलीला पायलीभर कणी जास्त निघाली की शेतकरीण बरोबर ओळखते. अशा दोन-चार वाड्या काकांना सोडून दुसरीकडे जायला लागल्या आहेत. पुढच्या गिऱ्हाइकांनीही पाठ फिरवली तर? म्हणून नव्या यंत्राचं कोटेशन आलंय. बसवण्यासकट साडेचार लाख.

दुसरीकडे दळण आटतंय. घरोघरी घरघंटी आली. पिशवीतलं पीठ आलं. म्हणजे तंत्रज्ञान फक्त दुकानदाराकडेच येतं असं नाही, ते गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातही येतं आणि दुकानदाराचं काम काढून घेतं. आणि मुळात गावात माणसं किती? आमच्या तालुक्यातलं निम्मं घर मुंबईत, उरलेलं सुरत-बडोद्याला. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरतं, बाकी वर्षभर कुलपं.

मी काकांना विचारलं, "गेल्या हंगामात किती क्विंटल भात भरडलंत?"

"बरंच."

"बरंच म्हणजे?"

"अगं बाय, दिवाळी ते शिमगा उसंत नव्हती. अजून काय सांगू?"

साडेचार लाखांचा निर्णय आणि हातात आकडा नाही. मग आम्ही उलट्या बाजूने हिशोब मांडला. दहा टक्के स्वतःचे घातले तर कर्ज चार लाख पाच हजार. पाच वर्षांची मुदत, व्याज अकरा टक्क्यांच्या आसपास, तर हप्ता महिन्याला सुमारे ८,८००. वर्षाचे एक लाख पाच हजारांच्या वर. भरडाई किलोला तीन रुपये. म्हणजे फक्त हप्ता भागवायला वर्षाला साडेतीनशे क्विंटल भात भरडावं लागेल. वीजबिल, रबरी रूळ, गड्याची मजुरी वेगळी. भाताचा हंगाम चार महिन्यांचा, हप्ता मात्र बारा महिन्यांचा.

काका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "आधी मोजू."

म्हणून गेल्या हंगामात आम्ही वही ठेवली. रोज किती किलो, कुठल्या वाडीचं, कणी किती, मीटरचं रीडिंग काय. हे करायला सुरुवात केल्यावर मला तारापूरचा एक प्रयोग सापडला. आमच्या प्राध्यापकांनी एकदा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा मी मागच्या बाकावर होते.

पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि पलीकडे गुजरातेतलं उंबरगाव, इथल्या कापड कारखान्यांवर निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८पासून एक अभ्यास केला. १७ कंपन्या, २८ कारखाने. हे काही काकांच्या गिरणीएवढे नव्हते, सरासरी पावणेतीनशे कामगारांचे होते. पण आत गेल्यावर काय दिसलं? जमिनीवर तेल आणि कचरा, सुताच्या पेट्यांवर चिठ्ठी नाही, कुठला माग कधी बंद पडला याची नोंद नाही, गोदामात काय पडलंय कुणाला माहीत नाही. संशोधकांनी काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले. नवे माग दिले नाहीत. नोंदी ठेवा, जागा साफ करा, सुताला लेबल लावा, बिघाड रोज लिहा आणि रोज त्यावर बसून बोला, अशा ३८ साध्या गोष्टी होत्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ साली हे छापून आलं तेव्हा जगभर चर्चा झाली. मुद्दा आपल्याच राज्यातला, आणि आपल्याला तो स्टॅनफर्डकडून कळतो.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. काही वर्षांनी तीच मंडळी परत गेली, तेव्हा लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कुठे मॅनेजर बदलला, कुठे मालकाला वेळ नव्हता. तरी ज्यांनी सुरुवात केली होती ते इतरांच्या पुढेच होते. म्हणजे वही ठेवणं हेही यंत्रासारखंच आहे, तेल घालत राहावं लागतं.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि ती गिरणीत बसून नीट समजते. जुन्या गिरणीत एकच इंजिन असायचं. त्यावरून वर आडवा दांडा फिरायचा आणि त्या दांड्यावरून पट्टे खाली येऊन सगळी यंत्रं चालवायचे. काकांच्या गिरणीच्या तुळईला त्या दांड्याच्या खोबणी अजून आहेत. अमेरिकेतल्या कारखान्यांतही हेच होतं, फक्त वाफेच्या इंजिनावर. १८८२मध्ये एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. मग कारखानदारांनी काय केलं? वाफेचं इंजिन काढून तिथे मोठी विजेची मोटर बसवली. दांडा तोच, पट्टे तेच, यंत्रांची जागा तीच. फायदा फारसा झाला नाही. उत्पादकतेची मोठी झेप दिसली ती १९२०च्या दशकात, जेव्हा प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली आणि कामाच्या क्रमाप्रमाणे कारखान्याची मांडणीच बदलली. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाने १९९०मध्ये हे मांडलं, तेव्हा लोक विचारत होते की इतके कॉम्प्युटर आले तरी उत्पादकता का वाढत नाही. चाळीस वर्षं लागली विजेला! आणि मी काकांच्या बिलिंग मशीनला एक महिना दिला होता.

ते मशीन का पडून राहिलं, हे आता कळतं. गिरणीत गिऱ्हाइकाला बिल नकोच असतं. डबा ठेवला, नाव सांगितलं, संध्याकाळी येऊन घेऊन गेले. पीठ लागलेल्या हाताने बटणं दाबायची कोणी? मी काकांचा प्रश्न न विचारताच उत्तर विकत आणायला लावलं होतं.

त्याच टेबलावरचा क्यूआर कोड मात्र कुणी शिकवला नाही, तरी चालला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, काकांचं काम वाढलं नाही आणि छोट्या दुकानदाराला त्यासाठी शुल्क द्यावं लागत नाही. यूपीआय २०१६चं, पण आमच्या गावात ते रुजलं लॉकडाऊननंतर. आताही पावसात रेंज गेली की साउंडबॉक्स मुका होतो आणि गिऱ्हाईक स्क्रीन दाखवत अंगणात उभं राहतं. शिवाय एक भीती आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत अनेकांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. ती बातमी पोलादपूरच्या बाजारात दोन दिवसांत पोचली होती. नोंद ठेवली की बँक कर्ज देते, आणि नोंद ठेवली की नोटीस येते, या दोन्ही गोष्टी दुकानदाराला एकाच वेळी ऐकू येतात. आपण त्याला फक्त पहिली सांगतो.

गिरणीतल्या वहीला पहिला विरोध झाला तो गड्याकडून. त्याला पोत्यामागे पैसे मिळतात. प्रत्येक पोतं काट्यावर चढवायचं, आकडा सांगायचा, म्हणजे दिवसाला चार-पाच पोती कमी. तो उघड नाही म्हणाला नाही. काटा 'बिघडायला' लागला. पाकिस्तानात सियालकोटला फुटबॉल शिवणाऱ्या कारखान्यांतही नेमकं हेच झाल्याचं मी नंतर वाचलं. संशोधकांनी रेक्झिन कमी वाया जाईल असा नवा साचा कारखान्यांना फुकट दिला. बहुतेकांनी वापरलाच नाही. कापणाऱ्या कारागिराला नगावर मजुरी, नव्या साच्याने सुरुवातीला हात हळू चालायचा, नुकसान त्याचं आणि वाचलेलं रेक्झिन मालकाचं. मग तो साचा नीट वापरून दाखवणाऱ्या कारागिराला एका महिन्याचा पगार बक्षीस देऊ केला, तेव्हा काही कारखान्यांत साचा वापरात आला. काकांनी हे वाचलेलं नव्हतं. त्यांनी गड्याला मोजणीचे दिवसाला पन्नास रुपये वेगळे द्यायला सुरुवात केली. काटा बरा झाला.

शिमग्यापर्यंत वहीत दोनशे क्विंटलच्या आसपास भात जमा झालं. साडेतीनशे कुठे आणि दोनशे कुठे. पण वहीने दुसरीच एक गोष्ट दाखवली, जी आम्ही शोधतच नव्हतो. चाकरमानी परत जाताना जे पीठ दळून नेतात, नाचणीचं, कुळथाचं, तांदळाचं, त्याचे दिवस वर्षातून मोजके, पण एकेका घराचं दळण दहा-पंधरा किलोचं. आणि जाताना प्रत्येकजण म्हणतो, "संपल्यावर कुठून आणू?"

काकूने ते वाक्य पकडलं. आता नाचणी आणि कुळीथ गावातूनच विकत घेतात, निवडून, भाजून किंवा वाळवून, किलोच्या पाकिटात भरतात. गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा यादी फिरते. पैसे यूपीआयने, पार्सल एसटीने. पाकिटं सील करायचं हातयंत्र दोन हजारांच्या आत आलं. अन्नपदार्थाची नोंदणी करून घेतली, तो नंबर पाकिटावर असतो. फार मोठं काही नाही. दोनदा पीठ कुबट झाल्याची तक्रार आली, एकदा पार्सल भिजलं. पण दगडी जातं जे मार्चनंतर रिकामं बसायचं, ते आता आठवड्यातून तीन दिवस फिरतं. नवीन यंत्र न घेता. आणि ही कल्पना ना माझी, ना काकांची, दहावी झालेल्या काकूची.

तंत्रज्ञान धंद्यावर दुरूनही येऊन आदळतं, तेही इथे दिसतं. कशेडी घाटात बोगदा झाला. पाऊण तासाचा घाट काही मिनिटांवर आला. गणपतीला जाणाऱ्यांची केवढी सोय. पण घाटातला वडापाववाला, पंक्चरवाला, रेडिएटरमध्ये पाणी घालून देणारा पोरगा, त्यांचं गिऱ्हाईक त्याच बोगद्यातून निघून गेलं. त्यांना कुणी कोटेशन विचारलं नव्हतं. आणि महाडच्या एमआयडीसीभोवतीच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचं वेगळंच. तिथे यंत्र नवं घेतलं तरी बिलाचे पैसे अडकतात. कायदा २००६चा आहे, ४५ दिवसांत पैसे द्या म्हणतो. कायद्याचा हवाला देऊन मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायची हिंमत करणारा वेल्डर मला अजून भेटायचाय.

सरकारी योजना नाहीत असं नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, अन्नप्रक्रियेसाठी २०२०पासून पीएमएफएमई आहे, ज्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. काकांचं यंत्र त्यात बसू शकतं. पण अनुदान लगेच हातात येत नाही, कर्जखात्याशी बांधून तीन वर्षं ठेवतात, हप्ता आपला चालू. प्रशिक्षणाचा भाग कागदावर आहे, तरी हिशोब मुख्यतः यंत्राच्या कोटेशनवरच उभा राहतो. मोटर पुराच्या खुणेच्या वर बसवायचा चौथरा, मशीन उचलायची कप्पी, पहिल्या वर्षी वही लिहून देणारा माणूस, बिघडलेलं यंत्र दोन दिवसांत दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, यांना कोटेशनमध्ये रकाना नाही. माझं म्हणणं आहे की महाड-पोलादपूरसारख्या भागात तो असायला हवा. आणि भाताच्या गिरणीचा हप्ता हंगामाप्रमाणे, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च जास्त आणि पावसाळ्यात कमी, असा बांधून द्यायला बँकेला काय हरकत आहे? पीककर्ज हंगाम बघून देताच ना?

आणि आपण. महाडपासून तासाभराच्या आत लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महाडमध्ये कॉमर्सची मुलं दरवर्षी प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून कुठल्यातरी बहुराष्ट्रीय कंपनीची केस स्टडी उतरवून काढतात. मीही तेच केलं होतं, कॉफीच्या एका अमेरिकन साखळीवर, जिची कॉफी मी तोवर प्यायलेही नव्हते. त्याऐवजी बाजारपेठेतल्या एका दुकानात एक हंगाम बसून वही ठेवली तर? इंजिनीअरिंगच्या मुलांनी झेरॉक्स मशीनसाठी दोन माणसांत उचलता येईल अशी कप्पी बनवली तर? त्याला मार्क द्यायचे की नाही हे प्राध्यापकांनी ठरवावं. दुकानदार चहा नक्की देईल.

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. कोटेशनचा कागद काकांनी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. दसऱ्यापर्यंत सांगा, असं डीलर म्हणालाय. काकू म्हणते, आणखी एक हंगाम मोजू, तोवर पाकिटं वाढवू. काका म्हणतात, तोवर अजून एक वाडी तुटली तर? दोघांचंही बरोबर आहे आणि मला कुणीच विचारलं नाही. निघताना टेबलावर पाहिलं तर टॉवेल नव्हता. बिलिंग मशीन काढून भिंतीजवळ ठेवलं होतं आणि त्या जागी काकूचं सीलिंगचं हातयंत्र होतं. टॉवेल त्याच्याखाली अंथरला होता, टेबल तापू नये म्हणून.